घराचं काम निघालंय? मग आधी भिंतीत केबल, राउटर नंतर

तिसरा_मजला

सोसायटीत ज्याच्या घरी काम निघतं तो एकच प्रश्न घेऊन येतो: कुठला राउटर घेऊ? घरात फरशा उखडलेल्या असतात, वायरमन बोर्ड काढून बसलेला असतो, आणि ह्यांचं सगळं लक्ष वाय-फाय ७ च्या (वाय-फायच्या नव्या पिढीच्या) खोक्यावर. माझं ठाम मत आहे की अशा वेळी पहिला खर्च भिंतीतल्या पाइपवर आणि कॅट ६ केबलवर (नेटची तांब्याची केबल, आकडा तिची प्रत सांगतो) करावा. राउटर सगळ्यात शेवटी घ्यावा.

राउटर काही वर्षांत जुना होतो, तांब्याची तार होत नाही. जुन्या कॅट ५ई वायरिंगवरूनही १०० मीटरपर्यंत सेकंदाला अडीच गिगाबिट (अडीच हजार मेगाबिट) जातात. २०१६ साली आलेलं मानक त्याच केबलसाठी केलं होतं, म्हणजे लोकांना भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या नाहीत. कॅट ६ वर पाच गिगाबिट मिळतात, आणि अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर दहासुद्धा. फ्लॅटमध्ये ५५ मीटर होतातच कुठे?

शिवाय आपल्या भिंती बघा. नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचं शटरिंग लावून आतल्या भिंतीही काँक्रीटच्या ओततात, ज्याला सगळे मायवान म्हणतात. फायबर आणणारा माणूस ओएनटी (फायबर जिथे येऊन मिळते तो डबा) दाराजवळ ठोकून जातो. मागच्या बेडरूमपर्यंत वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा वेगवान बँड पोचतच नाही, मग फोन २.४ च्या हळू बँडवर येतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि वरखालचे सगळे शेजारी त्याच तिघांत दाटीवाटीने बसलेले. महागडा राउटर आणून ती भिंत पातळ होणार नाही.

अकरा_महिने

तुमचं सगळं स्वतःच्या घराबद्दल चाललंय. आम्ही भाड्याने राहतो. करार अकरा महिन्यांचा, आणि भिंतीला खिळा मारायचा तरी मालकांना विचारावं लागतं. आमच्यासाठी मेशच (एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे) बरोबर. तीन डबे, तीन सॉकेट, आणि घर बदललं की पिशवीत घालून पुढच्या घरी. तुमची केबल मालकाच्या भिंतीत राहणार.

आणखी एक. मायवानचं उदाहरण तुम्हीच दिलंत, पण त्या भिंतीत झिरी (पाइपसाठी खाच) मारता येत नाही. ती भिंतच इमारतीचं वजन पेलते, त्यामुळे ती कापू नये. म्हणजे जिथे वाय-फायचे हाल सर्वांत जास्त, तिथेच तुमचा उपाय लागू पडत नाही.

तिसरा_मजला

भाड्याच्या घराचं मान्य, म्हणून तर शीर्षकात 'घराचं काम निघालंय' लिहिलं आहे. पण मेश घेताना निदान ट्राय-बँड, म्हणजे तीन रेडिओंचं, घ्या. दोन रेडिओंच्या मेशमध्ये मधला डबा ज्या रेडिओवरून घेतो त्याच रेडिओवरून पुढे देतो, म्हणजे वेग साधारण निम्मा होतो. तिसरा रेडिओ फक्त डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखलेला असेल तर ही अडचण बरीच कमी होते.

झिरीबद्दल वायरमन लोकांनी बोलावं.

वायरमन_मिरज

मायवानला झिरी मारायची नाही, हे शंभर टक्के खरं. पण तिथे स्लॅब ओततानाच पाइप टाकलेले असतात. हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये टीव्हीचा आणि टेलिफोनचा पॉइंट असतो, आज त्यात बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. जुनी केबल काढता काढता तिच्याच मागे नवीन बांधून ओढायची, नाहीतर स्प्रिंग (केबल ओढायची लवचिक तार) घालायची. पाइप दबलेला नसेल तर कॅट ६ जाते. नाहीच गेली तर स्कर्टिंगच्या वरून केसिंग-कॅपिंगची पट्टी मारा. दिसायला जरा कमी वाटेल, पण चालेल उत्तम.

दोन गोष्टी मात्र गिऱ्हाईकांनी स्वतः बघाव्यात. पहिली, केबल अस्सल तांब्याची आहे ना. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली खूप विकली जाते. बंडल हाताला हलकं लागतं, तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. ती भिंतीत घालू नका, काही दिवसांनी टोकाला तुटते. दुसरी, लाइटच्या वायरच्या पाइपातून ही केबल कधीच नेऊ नका. पाइप वेगळाच हवा, आणि लाइटचा पाइप ओलांडायचा असेल तर काटकोनात.

मोजूनबघा

माझा विरोध मुळातच आहे. वेगवान उपकरणं आणि गिगाबिट केबल कशासाठी? बऱ्याच घरांत प्लॅन १०० मेगाबिटचा असतो. एक फोर-के चित्रपट १५ ते २५ मेगाबिटमध्ये चालतो, व्हिडिओ कॉलला चार-पाच पुरतात. चौघांच्या घरात सगळे एकदम बसले तरी १०० संपत नाहीत. लोकांना लागतो तो वेग नव्हे, सिग्नल. त्यासाठी आधी ओएनटी घराच्या मध्यावर आणा, टीव्हीच्या मागून आणि लोखंडी कपाटावरून काढा. फायबरची बारीक तार लांबवून घेणं भिंत फोडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. आणि फोनला केबल जोडता येत नाही, हे इथे कोणीच बोलत नाही.

खर्च करण्याआधी लॅपटॉपवर आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं सॉफ्टवेअर) चालवून प्रत्येक खोलीत मोजा. बऱ्याच जणांचा प्लॅन २०० चा असतो आणि राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे. केबल लावूनही ९४-९५ च्या वर आकडा जात नाही, आणि दोष कंपनीला जातो.

तिसरा_मजला

मोजण्याबद्दल दुमत नाही. पण फोनला केबल जोडता येत नाही म्हणून केबल निरुपयोगी, हा निष्कर्ष मला पटत नाही. केबल फोनसाठी नाही, फोनला वाय-फाय देणाऱ्या डब्यासाठी, म्हणजे ॲक्सेस पॉइंटसाठी आहे. बेडरूमच्या छताला एक ॲक्सेस पॉइंट, त्याला खालून कॅट ६. टीव्ही, डेस्कटॉप, घरातला स्टोरेज बॉक्स केबलवर गेले की हवेतली गर्दी तेवढी कमी होते, ती जागा फोनला मिळते.

आणि लाइट जाते त्याचं काय? मेशचे तीन डबे तीन खोल्यांत, म्हणजे तिघांना वेगवेगळा बॅकअप हवा. पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच असेल तर वीजही केबलमधूनच वर जाते, साध्या मानकाने पोर्टमागे १५.४ वॅट. ओएनटी, राउटर आणि स्विच एका कपाटात, एका यूपीएसवर. घरून काम करणाऱ्या माणसासाठी मला हा मुद्दा वेगापेक्षाही मोठा वाटतो. पावसाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा मीटिंग चालू राहणं हेच नेटवर्कचं काम आहे.

नवंकोरं

वाय-फाय ७ ला उगाच नावं ठेवू नका. ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनल, एकाच वेळी दोन बँडवर जोडणी. केबलची गरजच राहणार नाही.

मोजूनबघा

ह्या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. ३२० चे चॅनल फक्त ६ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये मिळतात. अमेरिकेने २०२० मध्ये तिथे वाय-फायसाठी १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. आपल्याकडे दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये जो मसुदा काढला तो ५९२५ ते ६४२५ चा, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झचा. त्यात ३२० चा चॅनल एकच बसतो, आणि तोही कमी शक्तीच्या उपकरणांसाठी. अमेरिकेतल्या घरांत काढलेले आकडे बघून इथे पैसे घालू नका. शिवाय ६ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे ५ पेक्षाही दुबळं.

जांभा

आमचं घर देवगडजवळ, चिऱ्याचं. भिंती जाड, वाय-फाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जेमतेम जातं. अंगणापलीकडे पाहुण्यांच्या खोल्या बांधतोय. तिथवर झाडांवरून कॅट ६ न्यायचा विचार आहे. चालेल का?

वायरमन_मिरज

नका नेऊ. दोन इमारतींमध्ये उघड्यावर तांबं टाकलं की जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जातात, आणि तुमच्याकडे मेच्या शेवटी काय विजा होतात ते तुम्हाला सांगायला नको. बांधकाम चालूच आहे तर जमिनीतून पाइप घ्या आणि त्यात फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटची केबल जोडणारी डबी). फायबरच्या आत लोखंडी तार नसलेला प्रकार मागा. पलीकडे वीज तिथल्याच बोर्डावरून द्या.

अकरा_महिने

टेलिफोनच्या पाइपचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या हॉलमध्ये तसा पॉइंट आहे. मालकांना विचारून त्यातून केबल ओढली तर मेशचे दोन डबे केबलनेच जोडता येतील ना? झिरी नको, खिळा नको, आणि डबे माझेच राहतील.

वायरमन_मिरज

येतील, ताई. फक्त डब्याला मागे लॅन पोर्ट आहे का बघा. आणि क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला प्लग बसवणं) झाल्यावर माणसाला जाऊ देण्याआधी टेस्टरवर आठही तारा तपासून घ्या. शंभर मेगाबिटला चारच तारा लागतात, त्यामुळे राहिलेल्यांपैकी एखादी तुटली तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. बऱ्याच घरांत ते तसंच वर्षानुवर्षं चालू असतं.