पहिलाच बेस, आणि तोही पाच तारांचा?

खर्जातला:
परवा इथे एका पोराने विचारलं, "तीस हजारांत पहिला पाच तारांचा बेस गिटार कुठला घेऊ?" त्यावर 'चार-तारी' यांचं उत्तर: "आधी चार तारांवर धड चालायला शीक. स्वस्त बेसची बी तार, ती पाचवी, सगळ्यात जाड, म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. पाचवी तार हा मेटलवाल्यांचा माज आहे." पोरगं "धन्यवाद दादा" म्हणून गप्प बसलं. मी नाही बसणार.

दादा, तुम्ही गायकाबरोबर वाजवता की नुसतेच खोलीत? आमच्या कोथरूडच्या ग्रुपचा गायक काळी दोनच्या पट्टीत गातो. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोनचा सा त्याच्या लगेच खाली, म्हणजे बेसवर तो नाहीच! मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या सहाव्या घरात, जाऊन वरचा सा द्यायचा, आणि ऐन समेला गाणं अधांतरी. पाच तारांवर तोच सा बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर, हाताखाली. काळी एकवाला आला तर दुसऱ्या फ्रेटवर. यात मेटल कुठे आलं? तानपुऱ्याला खर्जाची तार कशाला, असं विचाराल का कधी?

राहिला स्वस्त बेसचा प्रश्न. माझा पहिला पाच-तारी मी घाईत घेतला, रंग बघून. दुकानात बी तार छान गुरगुरली. घरी ट्यूनर लावला तर बाराव्या फ्रेटवर कायम चढी. सॅडल (बुडाशी पुलावर तार टेकते तो तुकडा) मागे घ्यायला गेलो तर स्क्रू आधीच टोकाला टेकलेला. म्हणजे ती तार त्या बेसवर जन्मात सुरात येणार नव्हती. म्हणून सांगतो, ब्रँडचं नाव नंतर. आधी मोकळी ई वाजव, मग बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरची ई. दुसरी जरा जाड वाटेल, ते चालतं. पण ती "भद्द" करून विरली तर बेस भिंतीवर परत. मग बारावा फ्रेट ट्यूनरवर. मग पट्टा लावून हात सोड, बेसची मान खाली गेली तर खांद्याचं वाटोळं. आयबनेझचा जीएसआर २०५ असो नाहीतर कॉर्टचा कुठला, एकाच मॉडेलचे दोन बेस सारखे निघत नाहीत. समोरचाच नग बघून घ्यायचा.

चार-तारी:
एवढं लांबलचक लिहिलंत, पण मुद्दा माझाच सिद्ध केलात. तुम्हीच फसलात की स्वस्तात! नवख्या पोराला सॅडल कळणार आहे का?

आणि बी तारेचा मूळ सूर ३१ हर्ट्झच्या आसपास. पोराच्या बजेटमध्ये येणाऱ्या आठ इंची अँपमधून तो बाहेर तरी येतो का? मोठ्या कार्यक्रमात साउंडवाला ४० च्या खालचं बिनदिक्कत कापतो. म्हणजे पैसे देऊन घेतलेला सूर कोणी ऐकतच नाही. बेसवाल्या जेम्स जेमरसनने चार तारांवर आणि उजव्या हाताच्या एका बोटावर मोटाऊन ही अमेरिकन रेकॉर्ड कंपनी उभी केली. तुमच्या कोथरूडच्या ग्रुपला काय कमी पडतंय?

खर्जातला:
कान वरच्या सुरांवरून खालचा ओळखतो. ३१ कापला तरी ६२ उरतो, आणि तेवढ्यावर गाणं जमिनीला टेकतं. बेसवाल्या अँथनी जॅक्सनने १९७५ साली कारागीर कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचा बेस बनवून घेतला, तोही माजच असणार. जेमरसनचं म्हणाल तर त्याने तारासुद्धा वर्षानुवर्षं बदलल्या नाहीत. तेही करायला सांगा पोराला.

सिंहगड रोड:
मधला मार्ग. चार तारांचाच बेस घ्यायचा आणि त्यावर पाच-तारी सेटमधल्या खालच्या चार चढवायच्या, बी-ई-ए-डी. जी तार जाते, पण नवख्याला ती लागते कुठे? नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याची, खाच मात्र कानशीने रुंद करावी लागते. मी स्वतः केली, जरा जास्तच झाली, आता मोकळी बी खुळखुळते. तुम्ही कारागिराकडून करा.

जुना वाद्यवृंदवाला:
तुम्ही चार की पाच करत बसा. बेसवाला उरलाय कुठे? मी बारा वर्षं बालगंधर्वपासून पार गावच्या जत्रांपर्यंत वाजवलं. एक दिवस मालक म्हणाला, "कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस देतो, तुमचं पाकीट कशाला?" संपलं. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी एक ऑक्टोपॅड उभा. पोराला सांगा, बेस घेऊच नको.

डावा हात:
काका, तो कीबोर्डवाला मी नाही, पण माझ्यासारखाच कोणीतरी असणार, म्हणून बोलतो. बेसवाले स्वतःच्या हाताने गेले. तालमीला उशीर, अँप टेम्पोत मावत नाही, आणि गायकाचा घसा बसला, पट्टी अर्ध्याने उतरवा म्हटलं की चेहरा पडतो. आम्ही ट्रान्सपोजचं बटण दाबतो. काळी एक, पांढरी एक, काय हवं ते. तारा मोजत बसावं लागत नाही.

जुना वाद्यवृंदवाला:
बटण दाबून पट्टी बदलणाऱ्याने बेसवाल्याला शिकवावं! मी एका रात्रीत चौतीस गाणी चार पट्ट्यांत वाजवली आहेत, पावसात, अंगावर प्लास्टिक घेऊन. तुमचा कीबोर्ड त्या पावसात पहिल्या अंतऱ्यालाच झाकला होता.

डावा हात:
म्हणजे मीच होतो असं धरूनच चाललात. छान.

खर्जातला:
कीबोर्डवरून एक सांगा. ढोलकीबरोबर बेस वरून खाली घसरत समेवर येतो ना, ती घसरण डाव्या हाताने द्या बघू. सूर वरखाली करायचं चाक असतं खरं, पण तेही डाव्याच बाजूला. बेस वाजवायचा की चाक फिरवायचं?

डावा हात:
...तेवढं खरं आहे. तिसरा हात नाही. पण लग्नाच्या संगीतात ती घसरण कोण ऐकतं? मांडवात सगळे पनीर टिक्क्याच्या रांगेत असतात.

जुना वाद्यवृंदवाला:
मी ऐकतो. रांगेत उभा राहून.

कर्वेनगरची मावशी:
मूळ प्रश्नाचं काय झालं? माझी मुलगी पाच तारांवरच शिकली, पहिल्या दिवसापासून, त्यामुळे तिला त्यात अवघड काही वाटलंच नाही. त्रास झाला तो तारांच्या अंतराचा. आयबनेझच्या एसआर ३०५ वर पुलापाशी साडेसोळा मिलिमीटर. तिची बोटं बारीक, तिला आवडला. तिचे सर चार-तारीला सरावलेले, तिथे एकोणीसच्या आसपास, ते सारखे दोन तारांत अडकायचे. आणि कोणी सांगत नाही म्हणून सांगते: प्रीअँपवाल्या (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) बेसची वायर लावून ठेवली तर नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर खर्च होते. पहिल्या महिन्यात चार बॅटऱ्या! पावसाळ्यात मान वाकली तेव्हा कारागिराने ॲलन-की पाव फेरा फिरवली. ते पैसे आधीच बाजूला ठेवा.

चार-तारी:
मावशींचं ऐकल्यावर एवढं मान्य: न वाजणाऱ्या बी तारेवर अंगठा ठेवून तिचं तोंड बंद ठेवायला पहिल्याच दिवशी शिकवणारे सर असतील तर पाच-तारी चालेल. असे सर पुण्यात किती, ते खर्जातला यांनीच मोजावेत.

खर्जातला:
अंगठ्यावर एकमत झालं, साखर वाटा.

मूळ पोरगा:
नमस्कार, प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं. आमच्या गायकाला विचारलं, तो पांढरी एकमध्ये गातो. म्हणजे बी तारेचा पहिला फ्रेट, बरोबर? रविवारी दुकानात जातोय. कोणी बरोबर येईल का? मला ती "भद्द" ओळखता येणार नाही.

चार-तारी:
येतो. दुकान उघडायच्या वेळी हजर राहा, गर्दीत तार ऐकू येत नाही. पण एक चार-तारीही काढायला लावणार आहे, शेजारी ठेवायला.

खर्जातला:
ट्यूनर मी आणतो. यांचा बॅटरीवाला नसेलच.