दाजींसाठी पेजर की स्कॅनर? (घरच्या ग्रुपवरून)

ताई: यांच्या अग्निशमन दलाची रेडिओ यंत्रणा ॲनालॉगवरून डिजिटलवर जातेय. पी25 (आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओचं मानक), ट्रंकिंगवाली, म्हणजे मोजके चॅनेल सगळ्यांना गरजेप्रमाणे वाटून देणारी. कॉल आला की वाजणारा जुना मिनिटर पेजर त्यावर चालणार नाही. दलाकडून नवीन मिळायला वेळ आहे, म्हणून हे स्वतःचं घेतायत. अनेक चॅनेल फिरून ऐकवणारा हातातला डिजिटल स्कॅनर घ्यावा की फक्त आपला कॉल ऐकवणारा व्हॉइस पेजर? काका, तुम्ही सांगा. आणि तूही सांग रे.

काका: स्कॅनर. डोळे झाकून. माझा युनिडेनचा एसडीएस100 स्कॅनर बघ, डेटाबेसमध्ये आपला भाग असेल तर पोस्टल कोड टाकला की आसपासच्या यंत्रणा आपोआप भरल्या जातात. विमानं, रेल्वे, हौशी हॅम रेडिओवाले, वादळाच्या वेळचे संदेश, सगळं ऐकता येतं. पेजर एकाच खुंटीला बांधलेला.

मी: काका, तुमच्यासाठी स्कॅनरच योग्य, त्यात वाद नाही. तुम्हाला सगळं ऐकायचंय. दाजी, तुम्हाला काय हवंय? आजूबाजूला काय चाललंय ते कळायला, की रात्री अडीचला कॉल आला तर जाग यायला?

दाजी: जाग यायला. बाकीचं ऐकायला मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी चालेल. पण आमचा कॉल चुकता कामा नये.

मी: मग पेजर. स्कॅनर एकेका चॅनेलवरून फिरत असतो. तो दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यावर थांबला असताना तुमचा पत्ता सांगून झालेला असतो. युनिकेशनचे जी4, जी5 हे पी25 पेजर एरवी गप्प बसतात. तुमच्या टॉकग्रुपवर (यंत्रणेतल्या तुमच्या गटाच्या आभासी चॅनेलवर) किंवा ठरलेल्या टोनवर, म्हणजे सुरांच्या इशाऱ्यावर, हाक आली की वाजतात, थरथरतात आणि संदेश रेकॉर्डही करून ठेवतात. बूट घालताना पत्ता परत ऐकता येतो.

काका: स्कॅनरमध्ये फायर टोन-आउट आहे की, ठरलेला टोन आला की वाजायची सोय.

मी: आहे, पण त्या मोडमध्ये तो फक्त टोनची वाट बघत बसतो, स्कॅनिंग थांबतं. म्हणजे स्कॅनर घ्यायचा आणि पेजरसारखा वापरायचा. शिवाय ती सोय साध्या ॲनालॉग चॅनेलवरच्या दोन टोनसाठी आहे. दाजींची हाक ट्रंक यंत्रणेवरून येणार.

ताई: आमच्या शेजारच्यांकडे जुना डिजिटल स्कॅनर आहे. त्यावर नवीन यंत्रणेच्या चाचण्या ऐकल्या. सिग्नलच्या दांड्या पूर्ण भरलेल्या, आणि तरी शब्द तुटत होते. हात दीड फूट बाजूला नेला की एकदम स्वच्छ. असं का होतं?

मी: ताई, तू बरोबर जागेवर बोट ठेवलंस. त्याला सायमलकास्ट म्हणतात. अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच प्रसारित करतात. पी25 च्या फेज 1 प्रकारात सेकंदाला 4800 सिम्बॉल (डिजिटल मजकुराचे तुकडे) जातात, म्हणजे एक सिम्बॉल साधारण 208 मायक्रोसेकंदांचा. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. दुसऱ्या टॉवरची लहर 15 किलोमीटर जास्त चालून आली तर ती 50 मायक्रोसेकंद उशिरा पोचते, म्हणजे जवळजवळ पाव सिम्बॉल. दोन्ही एकमेकांवर चढतात. सिग्नल जोरदार असतो, पण आतला मजकूर फाटलेला. म्हणून दांड्या बघून काहीच ठरवू नका.

काका: माझ्याकडे असं क्वचितच होतं.

मी: कारण तुमचा वेगळ्या बांधणीचा आहे. जुने स्कॅनर फक्त फ्रिक्वेन्सीची हालचाल मोजतात. सायमलकास्टला वापरतात त्या मॉड्युलेशनमध्ये (लहरीवर मजकूर चढवण्याच्या पद्धतीत) लहरीची उंचीही बदलते, ती त्यांच्या हातून निसटते. 2018 साली आलेला एसडीएस100 लहरीचे दोन घटक एकदम मोजणाऱ्या आय-क्यू पद्धतीने दोन्ही पकडतो. तुमच्या स्क्रीनवर चुकांचा आकडा दिसतो ना, तोच खरा. युनिकेशनचे पेजरही सायमलकास्टमध्ये चांगले टिकतात, त्यांची ख्यातीच त्यावर उभी आहे. तेव्हा दाजी, शेजारच्यांसारखा जुना स्कॅनर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आई: बॅटरी कुणाची जास्त टिकते? रात्रभर टिकायला हवी.

मी: पेजरची, आई. एसडीएस100 गरम होतो आणि कामाच्या दिवसात चार्जर शोधायला लावतो. पेजर रात्री चार्जिंगच्या स्टँडवर ठेवला की झालं, तिथूनही वाजतो.

दाजी: दलात कुणीतरी म्हणालं, काही टॉकग्रुप एन्क्रिप्ट होणार आहेत, म्हणजे बाहेरच्यांना कळणार नाहीत असे सांकेतिक.

मी: तसं झालं तर स्कॅनर तिथे संपला, काकांचासुद्धा. पेजरमध्ये एन्क्रिप्शनची सोय घेता येते, पण ते उलगडणारी गुप्त किल्ली यंत्रणा चालवणाऱ्यांनीच भरायची असते. बाजारातून आणलेल्या पेजरमध्ये ते ती भरतील का, हे पैसे देण्याआधी विचारा.

अजून एक, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेजर काय, स्कॅनर काय, दोन्ही फक्त ऐकतात. "मी इथे आहे" असं ते टॉवरला कळवत नाहीत. ट्रंक यंत्रणेत अनेक साइट, म्हणजे वेगवेगळ्या भागांसाठीचे टॉवर, असतील, तर ज्या साइटवर त्या टॉकग्रुपचा एखादा बोलता-ऐकता येणारा रेडिओ नोंदलेला नाही, तिथून तो टॉकग्रुप प्रसारित होईलच असं नाही. घराच्या भागात सायमलकास्टचं एकच जाळं असेल तर काळजी नाही. नसेल तर तुमचे कॉल येतात तो टॉकग्रुप तुमच्या साइटवर कायमचा लावून घ्यायला सांगा. महागातला महाग पेजर घेतलात आणि टॉवर ते बोलतच नसेल, तर वाजणार काय?

ताई: म्हणजे आधी दलाशी बोलायचं, मग खरेदी.

मी: हो. तीन गोष्टी विचारा: बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कोणता, आमचा टॉकग्रुप आमच्या साइटवर कायम असेल का, आणि प्रोग्रॅमिंगची फाइल तुम्ही द्याल का. फक्त 700/800 मेगाहर्ट्झ असेल तर जी4 पुरे. जुना व्हीएचएफ किंवा यूएचएफ चॅनेलही काही काळ चालू राहणार असेल तर दोन बँडवाला जी5 घ्या, पण त्यातही व्हीएचएफचा वेगळा आणि यूएचएफचा वेगळा येतो.

काका: पटलं. फक्त ऐकण्याचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, गाडीत स्कॅनर ठेवण्याचाही. तेही विचारून घ्या.

दाजी: उद्या संध्याकाळी कवायत आहे, तिथे यंत्रणेचे लोक येणार आहेत. तिन्ही प्रश्न लिहून नेतो. उत्तरं इथेच टाकतो.