तातडीचं: मुलुंडला कॅज्युअल्टीत योजना घेणारा डॉक्टर हवा

मंडळी, मुलुंडहूनच लिहितोय. बाबा पहाटे मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलंय. जवळच्याच खाजगी हॉस्पिटलात आहोत. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पण महात्मा फुले योजनेचं, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं नाव काढताच काउंटरवर म्हणाले, "ऑर्थो आमच्याकडे योजनेत नाही, डिपॉझिट भरा." बाबा ७६ वर्षांचे, रेशनकार्ड पांढरं. योजना घेणारा इमर्जन्सीचा डॉक्टर कुणाच्या ओळखीत आहे का? गणपतीच्या वेळची योजनेतल्या हॉस्पिटलांची ती यादी सापडत नाहीये.
– मस्कतहून आलेला

यादी वैद्यकीय समितीकडे आहे. परस्पर फिरवू नका असं तेव्हाच सांगितलं होतं, हॉस्पिटलं योजनेत येतात-जातात. आणि पांढऱ्या कार्डावर फुले योजना बसत नाही, पिवळं किंवा केशरीच लागतं.
– समिती

काका, ते जुनं झालं. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना सगळ्याच रेशनकार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. माझ्या सासूबाईंचंही कार्ड पांढरंच आहे. शिवाय सत्तरीपुढच्यांना केंद्राचं मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड आहे, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. त्यात उत्पन्न विचारत नाहीत, आधारवर निघतं.
– ठाण्याची सून

अरे बाळा, डॉक्टर शोधत बसू नकोस. मी तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. योजना हॉस्पिटलशी बांधलेली असते, डॉक्टरशी नाही, आणि तीही विभागवार. एकाच हॉस्पिटलात हृदयाचं योजनेत, हाडाचं नाही, असं असतं. १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करून "मुलुंडजवळ ऑर्थो योजनेत कुठे?" एवढंच विचार. पोचलास की आधी आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस गाठ. लक्षात ठेव, दाखल झालं तरच खर्च योजनेत बसतो, नुसती ओपीडी नाही. काहीच जमलं नाही तर हायवेने सरळ सायन, महापालिकेचं लोकमान्य टिळक. बाबांचा पाय उशांनी दोन्ही बाजूंनी टेकवून ठेव, हलू देऊ नकोस.
– काकू

काकूंचं पटलं, पण गाडी? आमच्या वडिलांना रिक्षातून नेलं होतं, तो खड्ड्यांतला प्रवास अजून आठवतो. १०८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत.
– खजिनदार

१०८ आली, बाबा दाखल झाले. आरोग्यमित्र भला माणूस आहे. पण बाबांच्या आधारला जोडलेला नंबर आईच्या जुन्या फोनचा, तो कधीच बंद पडलाय. वय वंदना कार्डासाठी ओटीपी येणार कुठून?

अंगठ्यावर होतं. अंगठा उमटला नाही तर डोळ्यावर. बाबांचे हात आधी कोमट पाण्याने पुसून घे, म्हाताऱ्या बोटांचे ठसे लवकर उठत नाहीत.
– काकू