रक्तातल्या कॅन्सरपेशी शोधायला चुंबक बरा की गाळणी?

यवतमाळचा लॅबवाला: सीटीसी म्हणजे ट्यूमरमधून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी. त्या मोजायच्या असतील तर आपल्या भागात सेलसर्च, म्हणजे चुंबकाची पद्धतच परवडते, असं माझं ठाम मत आहे. तालुक्याचा नमुना नागपूरला पोचेस्तोवर दिवस मावळतो. तिच्या खास सेलसेव्ह ट्यूबमध्ये रक्त ९६ तास टिकतं, साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये काही तासच. ७.५ मिली रक्तात ट्यूमरपेशीवरच्या एपकॅम प्रथिनाला चिकटणारे लोहकण घालायचे, चुंबकाने पेशी ओढायच्या, मग रंगवायच्या. सीडी४५ हे प्रथिन दिसलं की ती पांढरी पेशी, बाद. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००४ पासून मान्यता आहे. ५ किंवा जास्त पेशी सापडल्या तर पुढचं चित्र वाईट. गाळणीवाल्यांकडे इतकं ठरलेलं मोजमाप आहे का?

पॅथॉलॉजी, वर्धा: भाऊ, ती ट्यूब १५ ते ३० अंशांत ठेवायची असते. मे महिन्यात चंद्रपूरहून एसटीच्या पार्सलात टाकून बघा. आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. पसरायला निघालेली पेशी कितीदा एपकॅमच कमी करते, मग चुंबकाला ती सापडत नाही. आयसेट ही गाळणीची पद्धत, तिच्या गाळणीला ८ मायक्रॉनची छिद्रं असतात. लाल पेशी वाकून निघून जातात, मोठी ताठ पेशी अडकते, तिच्यावर एपकॅम असो वा नसो. पार्सॉर्टिक्स हे यंत्रही आकार आणि लवचिकतेवरच चालतं, त्याला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यातून पेशी बाहेर काढून पुढं तपासता येतात.

यवतमाळचा लॅबवाला: उन्हाला थर्मोकोलचा डबा आहे. पण गाळणीवर पांढऱ्या पेशीही अडकतात, लहान ट्यूमरपेशी निसटतात. स्लाइड वाचणारा मुरलेला माणूस तालुक्यात कुठून आणू?

मेडिकल ऑफिसर, गडचिरोली: राजेहो, कोणत्या रोग्याबद्दल बोलता? माझ्या ओपीडीत खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला, खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारे येतात. सेलसर्चची मान्यता स्तन, मोठं आतडं आणि प्रोस्टेट यांची, तीही रोग पसरल्यावर. तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा आधी मानेतल्या गाठींत उतरतो. इथं टॉर्च लागतो, लाकडी पट्टी लागते, पांढऱ्या-लाल चट्ट्याची बायोप्सी लागते. शिवाय स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरवरच्या, २०१४ च्या एस०५०० नावाच्या चाचणीत, पेशी कमी झाल्या नाहीत म्हणून केमो लवकर बदलली, तरी बायांचं आयुष्य वाढलं नाही.

पॅथॉलॉजी, वर्धा: डॉक्टरसाहेब, त्यात केमो बदलून फायदा झाला नाही, पण ज्यांच्या पेशी जास्त त्या बाया कमी जगल्या हेही दिसलं. माहिती खोटी नाही, त्या पेशींवर चालणारं औषध कमी पडलं. म्हणूनच पेशी हातात आली पाहिजे, नुसता आकडा नको.

वाशीमची लेक: आमच्या गावात शिबिर घेऊन 'रक्तातून कॅन्सर ओळखा' म्हणत पैसे घेतले. काकूचा रिपोर्ट शून्य आला. छातीत गाठ आहे, पण आता ती दाखवायलाच तयार नाही. म्हणते, मशीननं नाही म्हटलं.

मेडिकल ऑफिसर, गडचिरोली: ताई, ही टेस्ट गाठ आहे की नाही हे ठरवायला नाहीच, चुंबकाची असो की गाळणीची. रोग पसरलेल्या बायांतही कित्येकींचा रिपोर्ट शून्य येतो. काकूंना या आठवड्यात सेवाग्रामला किंवा नागपूरला न्या. मॅमोग्राफी आणि गाठीची सुईची बायोप्सी करा. आणि तो रिपोर्ट घरीच ठेवा.