वैभव की आयुष? आणि मॅटिंगवरचं पोरगं तिथवर का पोचत नाही

तापीकाठ, जळगाव

भारताच्या १९ वर्षांखालील संघाचा २०२५ चा इंग्लंड दौरा आटोपला. वैभव सूर्यवंशीचे वनडेतले पाच डाव असे: ४८, ४५, ८६, १४३, ३३. एकूण ३५५. वूस्टरला तर शतक ५२ चेंडूंत. मग दोन कसोटींत लाल ड्यूक चेंडू (इंग्लंडमधल्या कसोटीचा, जास्त हलणारा) आला आणि त्याच पोराचे चार डाव झाले १४, ५६, २०, ०. शेवटचा भोपळा पहिल्याच चेंडूवर. आयुष म्हात्रेचं नेमकं उलट. वनडेत तो चाललाच नाही, पण दोन कसोटींत १०२, ३२, ८०, १२६, म्हणजे ३४० धावा.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर, त्यातही कसोटीत, आधी आयुष टिकेल. गल्लीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळे वैभव-वैभव करतात म्हणून हा धागा काढला: होतकरू पोरांपैकी वर जाऊन कोण टिकेल, आणि आपलं पोरगं तिथवर का पोचत नाही?

पोरगं टिकणार का, हे बघताना मी धावा शेवटी बघतो. आधी बघतो पहिल्या २० चेंडूंत तो किती सोडतो. चौथ्या-पाचव्या स्टंपवरचा (म्हणजे ऑफ स्टंपच्या किंचित बाहेरचा) गुड लेंग्थचा चेंडू सोडायला डोकं स्टंपवर स्थिर लागतं आणि ऑफ स्टंप कुठे आहे ते न बघता कळावं लागतं. दुसरं, छातीवर आलेल्या चेंडूला त्याच्याकडे दोन उत्तरं आहेत का? एकच उत्तर असेल (फक्त पुल) तर तिसऱ्या सामन्यात डीप स्क्वेअर लेगला माणूस उभा राहतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा दोष जगाला कळल्यावर तो काय करतो.

पृथ्वी शॉचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. २०१८ ला राजकोटला पदार्पणात १३४. डिसेंबर २०२० ला ॲडलेडला ० आणि ४, दोन्ही वेळा त्रिफळा. बॅट गलीकडून येत होती आणि पुढचा पाय चेंडूपर्यंत जात नव्हता, त्यामुळे बॅट आणि पॅडमध्ये फट राहायची. आत येणारा चेंडू त्या फटीतूनच गेला. गुण कमी नव्हता, दुरुस्ती वेळेत झाली नाही.

भुसावळ लोको

भाऊ, चार डावांवर निकाल लावून मोकळे झालात. वैभवचा जन्म मार्च २०११ चा, म्हणजे दौऱ्यात तो १४ वर्षांचा होता आणि आयुष १८ ला टेकलेला. या वयात चार वर्षांचा फरक म्हणजे शरीरही वेगळं आणि खेळलेले सामनेही. आयुष दौऱ्यावर गेला तो मुंबईचा रणजी हंगाम खेळून. आपल्याच महाराष्ट्राविरुद्ध १७६ केलेत त्यानं.

आणि तुमचं तिसरं माप, दोष कळल्यावर काय करतो, ते वैभवला लावून बघा. २०२५ च्या आयपीएलमधले त्याचे सात डाव क्रमानं वाचा: ३४, १६, १०१, ०, ४, ४०, ५७. गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक झाल्यावर सगळ्या संघांनी त्याचा व्हिडिओ काढून बघितला असणार, म्हणून ० आणि ४. नंतरच्या ५७ ला ३३ चेंडू घेतलेत. १०१ ला ३८ लागले होते. म्हणजे दर शंभर चेंडूंना २६५ वरून १७२ वर तो स्वतःहून उतरला. पाठलाग होता, समोर जयस्वाल मारत होता, यानं वेळ घेतला. १४ व्या वर्षी दोन अपयशांनंतर गिअर बदलता येणं हीच टिकण्याची खूण आहे. तुमच्याच मापानं तो पास होतो.

अमळनेर २२ यार्ड

दोघांनी आकडे दिले, बॅटीकडे कोणी बघितलं नाही.

वैभवची बॅकलिफ्ट खूप उंच आहे. बॅट खांद्याच्याही वर जाते आणि तिथून पूर्ण कमान घेऊन खाली येते. ताकद सगळी त्या कमानीत आहे. षटकार लांब जातात ते दंडाच्या जोरावर नाहीत, बॅटीच्या टोकाच्या वेगावर जातात. पण ताशी १४० किमीच्या चेंडूला फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. उंचीवरून बॅट खाली यायला वेळ जास्त लागतो, म्हणून निर्णय लवकर घ्यावा लागतो. पांढरा कुकाबुरा (वनडेचा चेंडू) पहिल्या दोन-चार षटकांनंतर फारसा हलत नाही, तिथे लवकर घेतलेला निर्णय खपतो. ड्यूकची शिलाई हाताची, उभी, बराच वेळ टिकणारी. टप्पा पडल्यावर चेंडू चार इंच हलला की लवकर ठरवलेला फटका चुकतो. वनडेत ३५५ आणि कसोटीत चार डावांत ९० का, त्याचं कारण हे आहे. वय हे कारण दुय्यम.

उपाय बॅकलिफ्ट कापणं नव्हे. ते केलं तर पोरगं मेलंच. लाल चेंडूपुरतं पहिले ३० चेंडू बॅट कमरेच्या उंचीला थांबवायची, नजर बसली की वर न्यायची. साइडआर्मनं (चेंडू जोरात फेकायच्या दांड्यानं) १७-१८ यार्डांवरून, जुना-नवा चेंडू आलटून पालटून, दिवसाला ६० ते ८० चेंडू, त्यातले निम्मे सोडायचे. फटका मारला तर तो चेंडू मोजायचा नाही.

तापीकाठ, जळगाव

@भुसावळ लोको, २६५ वरून १७२ हा मुद्दा मला लागला, मान्य. पण १७२ सुद्धा टी-ट्वेंटीतलंच शहाणपण आहे. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्याचे रणजीचे पाच सामने आणि मिळून शंभर धावा. टी-ट्वेंटीत तो भारताकडून खेळेल यात मला शंकाच नाही. माझा मुद्दा पाच दिवसांचा आहे.

भुसावळ लोको

त्यातला पहिला सामना तो १२ वर्षांचा असताना खेळलाय दादा, तोही मुंबईविरुद्ध! त्या शंभर धावांवरून काहीच सिद्ध होत नाही.

नेट बोलर, धुळे

सगळी चर्चा फलंदाजांवर. भारताला खरी चणचण वेगवान गोलंदाजांची आहे, आणि होतकरू पोरं सगळ्यात जास्त वाया जातात ती तिथेच. २०१८ च्या विश्वविजेत्या १९ वर्षांखालील संघातून शुभमन गिल वर गेला. त्याच संघातले कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी, दोघेही १४० च्या वर टाकणारे, दुखापतींनी मागे पडले. २०२४ ला मयंक यादवनं १५६.७ चा चेंडू टाकला आणि नंतर पाठीनं त्याला कितीतरी महिने घरी बसवलं.

हे नशीब नाही, यामागे कारण आहे. मागचा पाय पडताना कंबर फलंदाजाच्या समोर आणि खांदे मात्र बाजूला वळलेले, अशी मिश्र ॲक्शन असली की पाठीचा कणा पिळला जातो. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या बारीक हाडाला चीर पडते. उजव्या हातानं टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला. खूण ओळखायला सोपी आहे. एकाच पायावर उभं राहून मागे वाकलं की एका ठरावीक जागी कळ येते. सुरुवातीला एक्स-रेत ही चीर बहुतेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. आपल्याकडे 'स्नायू आखडला' म्हणून मलम चोळतात आणि रविवारी परत १५ षटकं टाकायला लावतात.

म्हणून माझं उत्तर असं की २०-२१ वर्षांपर्यंत ज्याच्या षटकांचा हिशोब कुणीतरी वहीत ठेवला, तोच टिकेल. १५-१६ च्या पोरानं एका स्पेलमध्ये सहाच्या वर टाकू नये, आठवड्यात सलग तीन दिवस टाकू नये, आणि नेटमधले चेंडूही मोजावेत. सामन्यात ८ षटकं आणि आदल्या संध्याकाळी नेटमध्ये १५, हे कोणी धरतच नाही.

शहादेकर

खरी गोष्ट शे भाऊ. त्यात आणखी एक भर. तालुक्याच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत जे पोरगं सगळ्यात आधी उंच झालं त्याच्याच हातात नवा चेंडू जातो. दोन वर्षांनी बाकीचे उंच होतात आणि याच्याकडे ना स्विंग, ना यॉर्कर. तोवर बुटका पण मनगट चांगलं असलेला पोरगा संघाबाहेर गेलेला असतो.

चाळीसगाव एक्सप्रेस

आता आपल्या घरचं बोला. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एवढा मोठा पट्टा, आणि २०२३ ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघांत खान्देशाच्या नावाचा एकही नव्हता. जवळचे म्हणजे नाशिकचा आणि छत्रपती संभाजीनगरचा. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूर आलं की क्रिकेट असोसिएशनच बदलते. तिकडच्या पोराला विदर्भ, तीन वेळा रणजी जिंकलेला संघ. इकडच्या पोराला निवड चाचणीसाठी महाराष्ट्र एक्सप्रेस धरून पुणं.

पण मी सगळं खापर अंतरावर फोडणार नाही. खरं कारण सिमेंटवरचं मॅटिंग, म्हणजे सिमेंटच्या पट्टीवर अंथरलेली चटई. मॅटिंगवर गुड लेंग्थचा चेंडू कमरेवर येतो आणि सीमवर हलत नाही. पोरगं उभ्या उभ्या ड्राइव्ह मारायला शिकतं, कारण शिक्षा होत नाही. तेच पोरगं चाचणीला टर्फवर (माती-गवताच्या खेळपट्टीवर) उभं राहतं, तिथं तोच टप्पा गुडघ्याला येतो. बॅट वरून खाली येईपर्यंत पायचीत. चार चेंडूंत खेळ खलास, आणि निवड करणाऱ्यांच्या वहीत 'तंत्र कच्चं'.

अमळनेर २२ यार्ड

इथं मी विरोधात. मॅटिंगची ती उसळी पर्थला आणि जोहान्सबर्गला लागते हो! मॅटिंगवर वाढलेल्याचा कट आणि पुल आपोआप तयार होतो. सपाट टर्फवर वाढलेल्या शहरी पोरांना तो पैसे मोजून शिकावा लागतो. सचिन धस बीडचा, मोठ्या शहराच्या सोयी नव्हत्या. फेब्रुवारी २०२४ ला बेनोनीत १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ चा पाठलाग, ४ बाद ३२. तिथून ९६ धावा, उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी, आणि त्याही उसळत्या खेळपट्टीवर.

दोष मॅटिंगचा नाही, ढिल्या मॅटिंगचा आहे. कडेचे खिळे उपटलेले, मधे वळी पडलेली. मग एक चेंडू डोक्यावर आणि एक घोट्यावर. अशा पट्ट्यावर पोरगं मागे सरकायला, चेंडूपासून पळायला शिकतं, आणि ती सवय टर्फवर जात नाही. दर सरावाआधी चारही कडांनी ताणून खिळे ठोकायचे. दोन पोरं, दहा मिनिटं. एवढं होत नाही.

चाळीसगाव एक्सप्रेस

कट-पुल मान्य. पण फिरकीचं काय? मॅटिंगवर फिरकी झटकन आणि उंच वळते, टर्फवर हळू आणि खाली. आपली पोरं स्वीपला गुडघा टेकवत नाहीत, सिमेंटवर टेकवणार कसा? आणि विजय मर्चंट (१६ वर्षांखालील), कूचबिहार (१९ वर्षांखालील) या स्पर्धा तीन-चार दिवसांच्या. तिसऱ्या दिवशी ऑफस्पिनरसमोर दोन तास उभं राहायचं असतं. ते कौशल्य २० षटकांच्या रविवारच्या चषकात कुठून येणार?

माझं मागणं छोटं आहे. तालुक्याला एक अर्धा टर्फ पट्टा: फलंदाजाच्या बाजूनं १० यार्ड टर्फ, बाकी काही नको. माती आपल्याकडे आहेच, काळी, चिकट, चुनखडी चाळून काढलेली. दोन-दोन इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर, असे सहा ते आठ इंच. वर हरळी. घाई केली आणि एकदम सगळी माती टाकून रोलर फिरवला तर वरचा पापुद्रा कडक आणि आत पोकळ. मे महिन्यात ४४ अंशांत हातभर भेगा पडतात.

गिरणामाई

अजून कोणी मुलींचं नाव घेतलं नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर लवकर पोचण्याची वाट आज तिथे जास्त मोकळी आहे. २०२५ च्या १९ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात जी. त्रिशानं ३०९ धावा केल्या, स्कॉटलंडविरुद्ध नाबाद ११०. वैष्णवी शर्माच्या १७ विकेट, मलेशियाविरुद्ध ५ धावांत ५, हॅटट्रिकसह. या दोघी वर जाणार असं माझं ठाम मत आहे.

आणि आपल्याकडे चूक काय होते? मुलींना मुलांचाच १५६ ग्रॅमच्या वरचा चेंडू देतात. त्यांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो. हातात जड चेंडू असला की लेगस्पिन टाकणारी मुलगी बोटांऐवजी खांदा फिरवते, चेंडू वळत नाही, आणि सर म्हणतात हिला फलंदाजीच करू दे. स्मृती मंधाना सांगलीची. जिल्ह्याचं गाव आडवं येत नाही, चुकीचा चेंडू येतो.

भुसावळ लोको

ताई, हे माहीत असायला हवं होतं. चेंडूच्या वजनाचं लक्षातच येत नाही कुणाच्या.

@चाळीसगाव, अर्ध्या टर्फला पाठिंबा. पण तो होईपर्यंत सामने तर वाढवा. जैन इरिगेशनचा संघ मुंबईच्या टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या स्पर्धेत खेळतो, म्हणजे वरच्या दर्जाचं क्रिकेट जळगावात कुणाला ठाऊक नाही असं नाही. खालच्या पोरांना वर्षात दोन दिवसांचे दहा सामने मिळाले पाहिजेत, तेही ५० षटकांनंतर डाव घोषित करायची सक्ती न लादता.

नेट बोलर, धुळे

चाचणीला जाणाऱ्या गोलंदाजांसाठी एक, कारण सप्टेंबरनंतर धावपळ सुरू होईल. मॅटिंगवर रबरी तळव्याचे बूट चालतात, टर्फवर खिळ्यांचे. खिळे पहिल्यांदा चाचणीच्या दिवशीच घातले की पाय घट्ट रुततो, शेवटची ढांग आखडते, रनअप बिघडतो आणि पहिल्याच षटकात तीन नोबॉल. तीन आठवडे आधी खिळ्यांचे बूट घालून मैदानाच्या कडेला गवतावर रनअप मोजा, चेंडू न टाकता, रोज २० वेळा. फितीनं मोजा, पावलांनी नको. ओल्या जमिनीवर पावलं लहान पडतात.