मदत हवी आहे: योग-अभ्यंग केंद्राची वेबसाइट न दिसणाऱ्यांना, वयस्करांना, सगळ्यांनाच वापरता यावी म्हणून काय करू?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीला माझं छोटं केंद्र आहे. सकाळी योगाचे दोन वर्ग, दुपारी फक्त बायकांसाठी अभ्यंग आणि शेक. आठ वर्षं तोंडोतोंडी चाललं. गेल्या दिवाळीला ओळखीतल्या एका मुलाकडून वर्डप्रेसवर वेबसाइट करून घेतली. दिसायला झक्कास आहे. फिकट हिरवा रंग, कमळं, आणि उघडली की आपोआप बासरी.

परवा खानापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना दिसत नाही. बायकोच्या गुडघ्यांसाठी चौकशी करत होते. म्हणाले, "ताई, तुमची वेबसाइट माझा फोन नुसता 'इमेज, इमेज, बटन, लिंक' असा वाचूलाय. त्यात ती बासरी. शेवटी शेजारच्या पोराकडून नंबर वाचून घेतला." चिडले नव्हते, हसत सांगत होते. मीच ओशाळले. फोनवर वेळा आणि दर सांगितले नि विषय तिथंच राहिला.

मग सासूबाईंना त्यांच्या मोबाइलवर उघडायला दिली. त्या दोन बोटांनी मोठं करायला गेल्या तर होईना. "बाई, हे तुझंच दुकान ना? मग मला का वाचता येईना?"

साइट करणारा मुलगा म्हणतो दोनच वाटा आहेत. सगळं नव्यानं करायचं, नाहीतर कोपऱ्यात व्हीलचेअरच्या चित्राचं एक बटण बसवायचं, वर्षाला भाडं भरून. ते बटण सगळं 'ॲक्सेसिबल' करतं म्हणे. खरं आहे का हे?

आणखी एक. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कन्नड, शिवाय चंदगडकडून येणारे. दारावरच्या पाटीचं नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड झालंय. पण वेबसाइट उघडल्यावर आधी काय दिसावं यावर आमच्या घरातच दोन पक्ष पडलेत.

निपाणीचा_कोडर

ताई, नव्यानं करायची गरज नाही आणि ते बटण तर अजिबात घेऊ नका. असली बटणं अक्षर मोठं करतात, रंग उलटे करतात. ते काम फोन स्वतःच करतो. आतली मोडतोड तशीच राहते. अमेरिकेत असं बटण विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांपायी २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरावे लागलेत.

एक सांगा, तुमचे वर्ग, वेळा, दर हे पानावर अक्षरांत आहेत की चित्रात?

वडगावची_सून

चित्रात. डीटीपीवाल्याकडून हँडबिल करून घेतलं होतं, तेच वर चढवलं.

निपाणीचा_कोडर

झालं, रोग सापडला. आपल्याकडच्या निम्म्या साइटींची हीच गत आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय, चित्रातलं अक्षर भरवशानं वाचत नाही. आणि डीटीपीच्या फायलीतून कॉपी करून डकवायला जाऊ नका. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो नि फोन तोच वाचतो. फोनवर मराठी कीबोर्ड घ्या आणि दरपत्रक सरळ टाइप करा. तासाभराचं काम आहे.

दुसरं, वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा बघा. बहुतेक इंग्रजीच असणार. तसं असलं की वाचणारा आवाज आपलं मराठी इंग्रजी समजून वाचायला बघतो, कधी गाळूनच टाकतो. ती मराठी करा. कन्नड पानाला कन्नडची खूण वेगळी द्यायची.

सासूबाईंचं बोटांनी मोठं होत नाही, कारण कुणीतरी झूम बंद करून ठेवलंय. एका ओळीचं काम, त्या मुलाला सांगा. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जगभर मानले जाणारे नियम आहेत, नवी आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची. त्यात अक्षर दुप्पट केलं तरी पान मोडता कामा नये असं आहे. साध्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा फरक निदान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर फिकट हिरवं त्यात हमखास नापास. गडद हिरवा घ्या, कमळं राहू देत.

आणि मथळ्यांत अक्षरं लांब-लांब ठेवली असतील तर ती सेटिंग शून्य करा. इंग्रजीत ते शोभतं, आपल्यात शिरोरेषा तुटते. 'अभ्यंग' वाचताना दात पडल्यासारखं दिसतं.

टॉकबॅकवाला_चिकोडी

मी स्वतः न बघता फोन वापरतो, म्हणून लिहूलोय. तुम्ही विचारलंत हेच बरं वाटलं, पण बासरी आजच बंद करा. माझ्या फोनचा आवाज हेच माझं बोट आहे. त्यावर बासरी वाजली की बोट बांधल्यासारखं होतं. तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवायची सोय पाहिजे, असंही त्याच नियमांत आहे.

बुकिंगचा फॉर्म असेल तर प्रत्येक रकान्याला नाव जोडलंय का बघा. नुसतं आत फिकट अक्षरात 'नाव' लिहिलेलं चालत नाही. मला 'एडिट बॉक्स, एडिट बॉक्स' ऐकू येतं नि मोबाइल नंबराच्या जागी मी माझं नाव लिहून बसतो. कॅलेंडरवर टिचकी मारायला लावण्यापेक्षा फोन आणि व्हॉट्सॲप दोन्ही द्या. ज्यांना ऐकू येत नाही ते फोन कसा करणार?

चित्रांना वर्णन लिहा, पण थोडक्यात. 'खुर्चीवर बसून हात वर केलेल्या आजी' एवढं पुरे. शोभेच्या कमळाचं वर्णन रिकामं ठेवा, मला प्रत्येक पाकळी ऐकायची नाही.

आणि 'दिव्यांग बंधू-भगिनींसाठी विशेष विभाग' असलं काही करू नका वो. एकच दार ठेवा, सगळ्यांना.

पत्त्याखाली नुसता नकाशा देऊ नका. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून आलं तर कुठल्या हाताला, रिक्षावाल्याला काय सांगायचं, तेही लिहा.

खानापूरची_ताई

मी व्हीलचेअर वापरते. कुठल्याही केंद्राची साइट उघडली की मी आधी पायऱ्या शोधते, आणि त्या कुणीच लिहीत नाही. 'सर्वांचे स्वागत' लिहितात. तुम्ही खरं लिहा: पायऱ्या किती, दार किती रुंद, संडास कमोडचा आहे का, मालिशचं टेबल किती उंच. रॅम्प असेल तर उतार १ ला १२ पेक्षा खडा नको. नसेल तर 'नाही' लिहा, मला राग येत नाही. आठ किलोमीटर जाऊन दारातून परत फिरले की येतो.

तुमच्या साइटवर फोटो कुणाचे आहेत? सगळीकडे बारीक, गोऱ्या मुली पद्मासनात. तुमच्याकडं खरं तर साडीतल्या, गुडघे धरून येणाऱ्या मावश्या येत असणार. त्यांना विचारून त्यांचे लावा. 'पोट घटवा, सुडौल व्हा' असल्या ओळी असतील तर काढा, माझ्यासारखीला ते दारावर कडी लावल्यागत वाटतं. फॉर्मात वजन सक्तीनं विचारू नका. त्यापेक्षा 'कुठं दुखतं, काय जमत नाही' विचारा. मालिश बाईच करते हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, आमच्याकडच्या निम्म्या बायकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

सीमाभागचा_काका

भाषेचं म्हणाल तर मराठीच पहिली पाहिजे! १९५६ पासून...

निपाणीचा_कोडर

काका, तो धागा वेगळा आहे की. ताई, वर दोन भाषांची दोन बटणं, प्रत्येक आपापल्या लिपीत. झेंडे-बिंडे नकोत. एकदा निवडली की फोननं लक्षात ठेवावं. पण दोन्हीकडं मजकूर सारखा पाहिजे. मराठीत दर आणि कन्नडमध्ये नुसता नमस्कार, असं नको. भाषांतर यंत्रावर सोडू नका, कन्नड बोलणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाकडूनच वाचून घ्या.

कायद्याचंही सांगून ठेवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हे जगण्याच्या हक्कात धरलंय. उद्या कुणी नोटीस पाठवेल म्हणून नाही, पण साइट करणारा मुलगा 'कशाला एवढं' म्हणाला तर सांगायला बरं.

झालं की कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, फुकट आहे. नाहीतर तुमच्याच अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर चालू करा, डोळे मिटा, आणि स्वतःच्या केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन दाखवा.

वडगावची_सून

दहा दिवसांनी लिहितेय. बासरी गेली. दरपत्रक टाइप केलं, त्यात दोन दर जुने निघाले, तेही सुधारले. रंग गडद झाला. सासूबाईंचं मोठं होतंय. टॉकबॅक लावून बुकिंग करायला बसले तर तारखेपाशी अडकले, म्हणून कॅलेंडर काढून साधा रकाना ठेवला. फोटोंना तिघी मावश्या तयार झाल्या, चौथी म्हणाली आधी केस रंगवते. कन्नड पान अजून अर्धंच आहे. वर्गातल्या एक निवृत्त शिक्षिका ते तपासून देताहेत आणि माझं कन्नड बघून हसताहेत.

पायऱ्याही लिहिल्या: 'दाराला तीन पायऱ्या, रॅम्प नाही, आधी कळवल्यास दोघी जणी मदतीला.' खानापूरच्या गृहस्थांना लिंक पाठवली. काल ते बायकोला घेऊन आले. जाताना दारात थांबून काठीनं खाली ठोकून म्हणाले, "पायऱ्या तीन लिहिल्यात ताई, पण हा उंबरा कोण मोजणार?"

मोजपट्टी घेऊन बसलेय. उंबरा साडेचार इंच आहे. हे पायऱ्यांच्या ओळीतच लिहू की वेगळं?

खानापूरची_ताई

त्याच ओळीत. इंच लिहा, नुसतं 'छोटा उंबरा' नको.