डीएलडीमध्ये थेरपीनं नेमका किती फरक पडतो? (वय ५, घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळा इंग्रजी)

मांजलपूर_आई
मुलगी ५ वर्षं ३ महिन्यांची. ऑडिओमेट्री नॉर्मल, ऑटिझम नाही. निदान विकासात्मक भाषा विकार, म्हणजे डीएलडी. वाक्यं तीन-चार शब्दांची: "बाबा पोळी खाल्ला", "घोडाला गवत दिला". "चपला काढ आणि डबा ओट्यावर ठेव" म्हटलं तर अर्धंच काम होतं. थेरपिस्टनी आठवड्याला ४५ मिनिटांची दोन सेशन्स सहा महिने सांगितली आहेत. खरंच किती फरक पडेल? शाळेतून मराठी बंद करून घरी इंग्रजी बोलायला सुचवलंय, ते करावं का?

वाचा_भाषा
ताई, भाषेच्या कुठल्या भागावर काम चाललंय त्यावर "किती" ठरतं. २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) उच्चार आणि बोलण्यातला शब्दसंग्रह यांत थेरपीचा फायदा स्पष्ट दिसला. वाक्यरचनेत निष्कर्ष संमिश्र होते आणि आकलनात पुरावा सर्वांत तोकडा. आठ आठवड्यांहून जास्त चाललेल्या थेरपीचा गुण अधिक दिसण्याकडे कल होता. पालकांना नीट शिकवून त्यांच्याकडून करून घेतलेली थेरपी आणि थेरपिस्टनी स्वतः दिलेली थेरपी, यांत ठळक तफावत आढळली नाही.

डीएलडी शाळेच्या वयात सहसा पुसला जात नाही. सहा महिन्यांत "सगळं बोलायला लागेल" असं धरू नका. "भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलेल" एवढं नेमकं उद्दिष्ट धरलं, तर ते गाठता येतं.

सेशन किती मिनिटांचं आहे यापेक्षा त्यात ते रूप किती वेळा येतं हे विचारा. पद्धत अशी: मूल "बाबा पोळी खाल्ला" म्हणालं की लगेच "हो, बाबांनी पोळी खाल्ली" असं बरोबर वाक्य परत द्यायचं. तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही. आधी तिनं आपल्याकडे बघितलं पाहिजे. खेळण्यात मान खाली असेल तर ते वाक्य वाया गेलं. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात अशा भाषा-अडचणीच्या मुलांच्या दोन गटांना प्रत्येक सेशनमध्ये २४ अशी वाक्यं दिली. एका गटाला १२ क्रियापदं दोनदा, दुसऱ्याला २४ वेगवेगळी. खरी प्रगती दुसऱ्या गटात झाली. म्हणून रोज पोळीच खाऊ नका! उत्तरायणात गच्चीवर बघा: दादानं पतंग उडवला, ताईनं फिरकी धरली, आजीनं तिळगूळ वाटला, बाबांनी शेपूट चिकटवलं. तिन्ही लिंगं आली आणि चारही क्रियापदं निराळी.

बहुतेक वेळा इथेच चुकतं: तीच दहा चित्रं, तोच क्रम. मूल चित्र पाठ करतं, नियम हाती लागत नाही.

रावपुरा_व्याकरण
मराठी अजिबात बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं डीएलडी होत नाही, आणि एक भाषा काढून घेतल्यानं तो कमीही होत नाही. आजीशी बोलणं मात्र तुटतं.

तुम्ही दिलेल्या चुकांपैकी एक कदाचित चूक नसून बडोद्याचं पाणी आहे. गुजरातीत घोडो, घोडाने. तेच मराठीत आणलं की "घोडाला" होतं. इथल्या ठणठणीत मुलांच्या तोंडीही हे सापडेल. एवढ्यावरून विकार धरू नये. "पोळी खाल्ला"चं तसं नाही. गुजरातीतही "पप्पाए रोटली खाधी" असंच लागतं: कर्त्याला प्रत्यय आणि क्रियापद रोटलीप्रमाणे. ती गुजरातीतही "खाधो" म्हणते का, ते सोसायटीतल्या एखाद्या काकींना ऐकायला सांगा. दोन्ही भाषांत तीच गफलत असेल तर थेरपीचं पहिलं उद्दिष्ट तेच. थेरपिस्टना गुजरातीचे नमुनेही लिहून द्या, कारण फक्त एका भाषेत तपासलं तर मूल आहे त्याहून कच्चं दिसतं.

मांजलपूर_आई
धन्यवाद. "खाधो" ऐकलंय. फरक पडतोय हे घरी कसं मोजायचं? आणि नवे शब्द, सूचना यांचं काय?

वाचा_भाषा
मोजायला १५ चित्रं घ्या, वस्तू ५ पुल्लिंगी, ५ स्त्रीलिंगी, ५ नपुंसकलिंगी. "काय केलं?" एवढंच विचारा, मदत नको, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ही चित्रं थेरपीत कधीही वापरायची नाहीत. मूल सगळीकडे "खाल्ला"सारखं पुल्लिंगी रूपच लावत असेल तर काही न येताही ५ गुण मिळतात. म्हणून १५ पैकी ५ म्हणजे शून्य समजा आणि तिथून वर मोजा. दर चार आठवड्यांनी हीच चाचणी. सोबत ज्यावर काम चालू नाही अशी एक गोष्ट मोजा, उदाहरणार्थ "कारण" असलेली वाक्यं. दोन्ही सारखीच वाढली तर ती वयाची वाढ असू शकते. फक्त पहिली वाढली तर थेरपीचा गुण. तीन महिन्यांत पहिली जागची हलली नाही तर उद्दिष्ट किंवा पद्धत बदलायला सांगा. नुसती सेशन्स वाढवू नका.

शब्दांना संयम लागतो. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात गोष्टीच्या पुस्तकातला नवा शब्द डीएलडीच्या मुलांना ३६ वेळा ऐकवावा लागला. इतर मुलांना साधारण १२ वेळा पुरतो. ३६ नंतरही सगळे शब्द आले नाहीत. तेव्हा एका वेळी पाच-सहाच शब्द घ्या आणि ते काही आठवड्यांत पसरवा. एका दुपारी छत्तीसदा घोकून उपयोग नाही. कमाटी बागेतल्या प्राणिसंग्रहालयात गेलात तर "चोच", "शिंगं", "पिंजरा" तिथे, मग चित्रात, मग चार दिवसांनी जेवताना.

आकलनावर थेरपीचा भरवसा कमी, म्हणून सूचनाच बदला. आधी "चपला काढ", ते झाल्यावर "डबा ओट्यावर ठेव". बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प राहा. तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितलं की तिला ते नव्यानं उलगडावं लागतं. वर्गशिक्षिकेला हे दोन ओळींत लिहून द्या. वाचन सुरू झालं की त्यावरही लक्ष ठेवा, डीएलडीच्या मुलांना तिथे अडचण येण्याचा धोका जास्त असतो.

रावपुरा_व्याकरण
एक भर: रेकॉर्डिंग ऐकताना "खाल्लं" आणि "खाल्ला" नीट वेगळे करा. पटकन बोललं की शेवटचा स्वर गिळला जातो. शंका असेल तिथे गुण देऊ नका.